प्रायोजित मौन

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. समाजकार्यात पडलो आहे आणि समाजकार्य करणाऱ्या माणसाची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. ही म्हणाली, तुम्हीच ठेवा, दुसरं कोण ठेवणार? हिच्या बोलण्यातलं कौतुक जरा शोधावं लागतं, पण असतं.

सकाळी वाचनालयात मीटिंग. वाचनालयाच्या मागे अडगळीची खोली आहे. ती रिकामी करून तिथे 'मोकळी खोली' काढायची. आपल्या भागातल्या कुठल्याही शाळा-कॉलेजच्या मुलानं यावं, शिकलेल्या समुपदेशकासमोर मन मोकळं करावं. फी नाही, आईबापांना निरोप नाही. कल्पना वाचनालयाच्या बाईंची. म्हणाल्या, मुलं इथे येतात, पुस्तक उघडतात आणि तासभर एकाच पानावर बसून राहतात. त्यांना पुस्तक नको असतं, बसायला जागा हवी असते.

मी भाषण केलं. विषय: आजच्या तरुणांचं कुणी ऐकून घेत नाही. मागच्या रांगेतली दोन तरुण पोरं काहीतरी सांगायला उभी राहिली होती, पण माझा शेवटचा मुद्दा राहिला होता. मग बसली बिचारी.

निधी कसा जमवायचा यावर चर्चा. जुनी पुस्तकं विकू, चालण्याची शर्यत ठेवू वगैरे. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुम्ही आठवडाभर मौन पाळा. लोक त्यासाठी वर्गणी देतील. पहिली माझी."

टाळ्यांचा कडकडाट. शेजारचे हेडसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, चहासुद्धा दुसऱ्याच्या घरी पिणारा माणूस, त्यांनी जागेवरून जाहीर केलं की महिनाभर पाळलं तर मी तिप्पट देईन.

आपण इतके लोकप्रिय आहोत याची मला कल्पना नव्हती.

४ फेब्रुवारी, बुधवार

वर्गणीचा पूर. माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या मदतनीस मुलीनं पगारातून दिली. मी नको म्हणालो, तर म्हणाली, नाही सर, मनापासून देते आहे. सासूबाईंनी गावाहून पाठवली आणि मौनात फोनवर बोलणंही धरलंय ना, अशी खात्री करून घेतली. डोळे पाणावले.

छोटीला विचारलं, तुला काय वाटतं? (छोटी म्हणजे आमची मुलगी. वय सतरा, उंची माझ्याहून जास्त.) म्हणाली, "छान." हल्ली तिच्याकडे तीनच शब्द शिल्लक आहेत. छान, ठीक आणि बघू. स्वभाव अबोल. आईवर गेली. माझ्या बाजूनं संवादात कधी खंड पडलेला नाही. रोज जेवताना मी तिला माझ्या तरुणपणाबद्दल सांगतो.

७ फेब्रुवारी, शनिवार

उद्यापासून बोलता येणार नाही, म्हणून आज सगळ्यांशी बोलून घेतलं. घसा बसला. ही म्हणाली, आजच सुरू केलंत तरी चालेल.

८ फेब्रुवारी, रविवार

मौन सुरू. सकाळी न्हाणीघरात स्टुलावर पाय आपटला, 'अरे' निघून गेलं. उद्गार म्हणजे बोलणं नव्हे. व्याकरणात तसं आहे.

नियम असे: तोंडातून शब्द नाही. लिहून बोलायचं नाही, फक्त दुकानात चष्म्याचा नंबर आणि किंमत लिहायला परवानगी. लक्ष ठेवणारा कुणी नाही. सगळा भरवशाचा मामला. बाई म्हणाल्या होत्या, तुमच्यावर विश्वास आहे.

जेवताना घरात इतकी शांतता की छोटीचं पापड मोडणं ऐकू आलं. दोघी मायलेकी एकमेकींशी बोलल्या. दोघींना बोलता येतं तर!

९ फेब्रुवारी, सोमवार

दुकान. तक्त्यावर बोटानं ओळ दाखवायची, गिऱ्हाईक वाचतं. काम झपाट्यानं उरकतं. एक आजीबाई, माझ्याकडे कित्येक वर्षं येणाऱ्या. आज मी बोलेना म्हणून त्या बोलायला लागल्या. वाचायचं त्यांना कधी नव्हतंच. त्यांना सुईत दोरा ओवायचा होता, त्याला आणखी जवळचा नंबर लागतो. इतकी वर्षं मी त्यांना वाचनाचा चष्मा विकत आलो. म्हणाल्या, "तुम्ही सांगत होता की हाच छान, म्हटलं असेल बाबा."

मनाला लागलं. पण त्यांनी आधी सांगायला नको होतं का?

१० फेब्रुवारी, मंगळवार

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शब्द आत साठतात. दुपारी डोकं दुखायला लागलं. शेवटी दुकानामागे गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या आणि थोडं बोललो. मुख्यतः कराबद्दल. मग क्रिकेट. बरं वाटलं.

बंद गाडीत बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही, आणि जे ऐकू जात नाही ते बोलणं कसं? तरीही घरी येताना वाचनालयावरून यायचं टाळलं. दारात वर्गणीची पेटी आहे. तिच्यावर माझा फोटो लावलाय, ओठांवर बोट ठेवलेला.

उद्यापासून कडकडीत.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज फक्त गाडीत. उद्यापासून नक्की.

बोलता बोलता मान वळवली तर काचेपलीकडे हेडसर. हातात भाजीची पिशवी, माझ्याकडे एकटक. मी ताबडतोब चावायला लागलो. तोंडात काही नव्हतं. बराच वेळ चावलो. ते गेले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. संध्याकाळी एका कॉलेजच्या मुलानं रस्त्यात थांबवलं. म्हणाला, काका, ती खोली कधी उघडणार? मी बोटांनी पुढचा आठवडा दाखवला. 'नक्की ना?' म्हणाला. चेहरा असा होता की पुढचा आठवडासुद्धा त्याला लांब वाटत होता. मी मान डोलावली. मग गाडीकडे गेलो नाही. सरळ घरी आलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ

हे नीट लिहायचं आहे.

खोलीला रंग द्यायचं काम आज माझ्याकडे होतं. येणारे चौघे ऐनवेळी आले नाहीत. छोटी कॉलेजातून येताना तिथे डोकावली, मला एकट्याला बघितलं, बॅग ठेवली आणि दुसरा रोलर उचलला. एरवी मी तिला रोलर कसा धरायचा ते सांगितलं असतं. आज सांगता येईना. तिला येत होतं.

समोरासमोरच्या भिंती, पाठीला पाठ. बराच वेळ नुसता रोलरचा आवाज. मग ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "बाबा, माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चांगलं झालं म्हणून मी सांगितलं ना, ते खोटं होतं."

माझ्या तोंडात आठ-दहा वाक्यं एकदम आली. गिळली.

तिनं सांगितलं ते असं. परीक्षेला उभी राहिली, बाहेरच्या परीक्षकांनी नाव पुकारलं, आणि हात थरथरायला लागले. काचेची नळी हातातून सुटली, फुटली. छातीत इतकं धडधडायला लागलं की तिला वाटलं आपण मरतोय. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि बसस्टॉपवर बसून राहिली. बस आल्या, गेल्या. मग नेहमीच्या वेळेला घरी आली. तेव्हापासून वर्गात नाव घेतलं तरी तसंच होतं. कधीकधी वर्गात न जाता ती इथे वाचनालयात येऊन बसते.

एकाच पानावर बसणाऱ्या मुलांत माझी मुलगी होती.

केमिस्ट्रीच्या मॅडम चांगल्या आहेत. राहिलेल्यांचं महिनाअखेरीस पुन्हा घेणार आहेत. पण जायचं धाडस होत नाही, म्हणाली. मी तोवर एकाच जागी रोलर फिरवत होतो. तिथला रंग तीन थरांचा झालाय.

शेवटी म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. आईला मी सांगेन, माझं मी. तू गप्प आहेस म्हणून सांगितलं. नाहीतर तू लगेच काहीतरी सांगत बसला असतास."

मी मान डोलावली. तिनं माझ्या नाकावरचा रंग स्वतःच्या बाहीनं पुसला. येताना आम्ही दोघं चालत आलो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीत गेलो नाही. गरजच वाटली नाही.

हिला सांगावं का? वचन दिलंय. म्हणजे मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे वचन का? हो. हिच्याकडे बघवत नाही. हिनं विचारलं, काय झालंय? मी तोंडावर बोट ठेवलं. मौनाचा हा फायदा अप्रामाणिक वाटला.

एक मात्र खरं, मी उत्तम ऐकतो. हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

१४ फेब्रुवारी, शनिवार

समुपदेशक मॅडम खोली बघायला आल्या. तरुण आहेत, छोटीपेक्षा फार मोठ्या नसतील. दोन खुर्च्या समोरासमोर नको, जरा तिरक्या ठेवा, म्हणाल्या. दारावर 'इथे बोललेलं इथेच राहतं' असा बोर्ड लावला. खिळा मी ठोकला.

उद्या समारंभ. मौन सोडताना मी दोन शब्द बोलायचे. बाई तीनदा म्हणाल्या, दोनच.

ठराव: उद्या माइकवर गाडीतल्या बोलण्याची कबुली द्यायची. लोकांनी विश्वासानं दिलंय. छोटी एवढं धाडस करून खरं बोलते आणि बाप पेटीवर फोटो लावून चावत बसतो, हे बरं नाही. भाषण पाठ केलंय. चार वाक्यं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिलं नाही. आजही लिहिणार नव्हतो.

हॉल भरला होता. निधी अपेक्षेपेक्षा जास्त जमला. मॅडमांच्या वर्षभराच्या मानधनाची सोय झाली. हे आधी लिहितो, कारण दिवसात चांगलं तेवढंच झालं.

माझ्या हातात माइक दिला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कबुलीचं पहिलं वाक्य तोंडात होतं. पण टाळ्या थांबेनात, आणि एवढ्या टाळ्यांत गाडीचा विषय काढणं बरं दिसेना. मग म्हटलं, आधी खोलीचं महत्त्व सांगू, कबुली शेवटी.

महत्त्व सांगायचं तर उदाहरण हवं.

नाव घेतलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. 'सतरा वर्षांची एक मुलगी' एवढंच म्हणालो. लोक इतके शांत ऐकत होते, इतकं कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं. हात थरथरणं सांगितलं. फुटलेली नळी सांगितली. बसस्टॉप सांगितला. आणि शेवटी, कसं कोण जाणे, 'आणि ही मुलगी, मित्रहो, माझ्याच घरात राहते' असं म्हणालो.

माझ्या घरात मुलगी एकच आहे.

सगळ्या माना मागे वळल्या. छोटी मागच्या टेबलाशी चहाचे कप भरत होती. तिच्या वर्गातल्या दोघी शेजारी उभ्या. तिनं हातातला कप टेबलावर ठेवला. अजिबात न सांडता. मग दार उघडून गेली.

लोकांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या वाजवल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरं काय.

हेतू चांगला होता. हेतूचं कुणी बघत नाही. मॅडम नंतर म्हणाल्या, तुम्ही बोर्ड लावायला मदत केली होती ना? एवढंच. रागावल्याही नाहीत.

आज चहाचा कप ठेवताना ही म्हणाली, "मला सांगितलं नव्हतं तिनं. दोन आठवडे मी विचारत होते, काय झालंय, काय झालंय. तुम्हाला सांगितलं."

मी म्हणालो, मी गप्प होतो म्हणून.

"तेच म्हणते आहे मी," म्हणाली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

माफी मागायची. पत्र नको, पत्रात भावना पोचत नाहीत. प्रत्यक्ष बोलायचं.

छोटीच्या खोलीचं दार बंद. बाहेर स्टूल घेऊन बसलो. मनापासून बोललो. चूक कशी झाली, टाळ्यांचा माणसावर काय परिणाम होतो, मी लहान असताना माझ्या वडिलांनी मला पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावले होते ते, सगळं. शेवटी रडलो. आतून आवाज नाही. म्हटलं, ऐकते आहे. हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं की तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

ही म्हणाली, ती पाच वाजताच वाचनालयात गेली आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मोकळी खोली आज सुरू झाली. मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. लपून नव्हे, झाडाची सावली होती म्हणून झाडामागे. पहिला आला तो त्या दिवशीचा कॉलेजचा मुलगा. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा चालण्यात जरा फरक होता, की मला वाटला. नंतर छोटी गेली.

ती आत काय बोलली असेल? माझ्याबद्दलच बोलली असेल. न बोलून सांगणार कुणाला?

मॅडम बाहेर आल्यावर गाठलं. ती कशी आहे, एवढंच विचारलं. म्हणाल्या, 'कोण?' हसून म्हणाल्या. म्हणजे बोर्डवर लिहिलंय तसं.

मग विचारलं, मला स्वतःलाच थोडं बोलायचं होतं, वेळ मिळेल का? म्हणाल्या, "काका, ही खोली मुलांची आहे हो."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वाचनालयाच्या बाईंकडे जाऊन गाडीची कबुली दिली. मन घट्ट केलं होतं. वर्गणी परत करतो म्हणालो.

बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. म्हणाल्या, आम्हाला माहीत आहे. तुमच्या गाडीच्या काचा काळ्या नाहीत. हेडसरांनी त्याच दिवशी सांगितलं. मी विचारलं, मग कुणी काही बोललं का नाही? म्हणाल्या, बाकी वेळ तर गप्प होता. लोकांचे पैसे वसूल झाले.

इतके दिवस ज्या पापाचं ओझं वाहिलं, त्याची कुणाला पर्वाच नव्हती. आणि ज्याची पर्वा आहे, तिथे मला कुणी शिक्षाही करत नाही. छोटी मीठ मागते. टीव्हीचा रिमोट देते. 'छान', 'ठीक' आणि 'बघू' सगळे शब्द परत आले आहेत. यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना मी माझ्या तरुणपणाबद्दल काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आईला तिनं स्वतः सगळं सांगितलंय. दोघी गच्चीत बसून बोलत होत्या. मी जिन्यापर्यंत गेलो, आणि परत आलो. ऐकलं नाही. ऐकू येत नव्हतंच, पण आलं असतं तरी ऐकलं नसतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या प्रॅक्टिकल. छोटी जाणार आहे. ही सोबत जाणार होती, पण हिच्या ऑफिसात उद्या ऑडिट. ही म्हणाली, बाबा येतील. छोटीनं बराच वेळ ताटातला भात चिवडला. मग मला म्हणाली, "गेटपर्यंत. आणि कुणाशी काही बोलायचं नाही."

पहिलं पूर्ण वाक्य. तेरा दिवसांत. मी 'हो' म्हणालो आणि थांबलो. पुढे बरंच होतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

चालत गेलो. वाटेत मी एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं होतं, मी गप्प राहिलो की ती बोलेल. त्या दिवशी बोलली होती. कोपरा आला, पूल आला, कॉलेज दिसायला लागलं. ती बोलली नाही. गेटशी तिनं दोन्ही हात एकदा झटकले, ओले असल्यासारखे, आणि आत गेली. मागे वळली नाही.

मी समोरच्या कट्ट्यावर बसलो. वॉचमन एकटाच होता, सुट्टीचा दिवस, कंटाळलेला. माझ्याशेजारी येऊन बसला. मुलगी का तुमची? हो. आज शनिवारी एकटीच कशी? काय राहिलंय तिचं? आजारी होती का तेव्हा? आजकालच्या पोरांना फार टेन्शन असतं म्हणतात, खरं का हो?

इतकं मोकळेपणानं मला कित्येक दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. सगळं जिभेवर होतं. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते आज कळलं. मुगाचं पोतं गिळावं लागतं.

मी म्हणालो, माझं चष्म्याचं दुकान आहे. तुम्हाला लांबचं दिसतं का नीट? मग त्याला दुहेरी भिंगाबद्दल सांगितलं. आडव्या नंबराबद्दल सांगितलं. फ्रेम नाकावर का घसरते ते सांगितलं. तो मुलीकडे विषय न्यायचा, मी परत फ्रेमकडे आणायचो. घाम फुटला. पण एक शब्द गेला नाही. तिचा एक शब्द मी बाहेर जाऊ दिला नाही. शेवटी सुईत दोरा ओवणाऱ्या आजीबाईंचा किस्सा सांगितला, त्यात मीच कसा मूर्ख ठरलो तेही. वॉचमन मोठ्यानं हसला, माझ्या खांद्यावर थाप मारली.

वर बघितलं तर छोटी गेटात उभी.

ती माझ्याकडे बघत होती. मग वॉचमनकडे. त्याच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं. तो म्हणाला, "काय ताई, झालं का सगळं व्यवस्थित?" चांगल्या मनानं म्हणाला. छोटीचा चेहरा विझला. चालायला लागली.

मी मागून पळालो. म्हणालो, अगं, चष्म्याबद्दल बोलत होतो मी! शपथ! त्याला विचार हवं तर!

"असेल," म्हणाली.

घरापर्यंत ती पुढे, मी मागे. प्रॅक्टिकल बरं गेलं, असं संध्याकाळी हिच्याकडून कळलं.